मोड

आई कुरडया घालायची त्या दिवशी गच्चीवर दोन लुगडी जायची. एक खाली अंथरायला, एक वरून झाकायला. वरच्या लुगड्याची गरज परतूरकडच्या मावशीला कधी पडली नाही. तिच्याकडे कुरडया उघड्यावर वाळायच्या, पाखरं हाकलायला एक लेकरू बसवलं की झालं. आमच्याकडे पाखरांपेक्षा काळ्याची धास्ती जास्त. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा, हाताला चटके सोसत सोऱ्यातून पाडायचा, आणि दुपारी बघावं तर पांढऱ्याफेक कुरडईवर तीळ टाकल्यासारखे काळे कण. आई ते नखानं टोकरून काढायची. बोटानं पुसलं की रेघ ओढली जाते, म्हणून नखानं.

जालन्याच्या एमआयडीसीच्या कडेला आमचं गाव. सळई तयार करणाऱ्या मिलांची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. वरून जे पडतं त्याला आम्ही नुसतं 'काळं' म्हणतो. 'आज काळं लई पडलं', 'काळं पडायच्या आत कपडे काढा', असं. पावसाला जसा पाऊस म्हणायचं, तसं याला काळं. त्याचं दुसरं काही नाव असेल असं लहानपणी कधी मनात आलं नाही.

मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. चुंबकाचा धडा आला की पुस्तकात लोहकीस दाखवायला सांगितलेला असतो. एका वर्षी शाळेत लोहकीस नव्हता. मी पोरांना म्हटलं, घरून गच्चीवरचं, पत्र्यावरचं झाडलेलं काळं कागदाच्या पुडीत घेऊन या. दुसऱ्या दिवशी बावीस पुड्या आल्या. जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक कागदाखालून फिरवलं आणि ते काळं उभं राहिलं. साळिंदराचे काटे उठावेत तसं, चुंबक जिकडे जाईल तिकडे सरकत. सगळंच उठलं नाही. काही कागदावर तसंच पडून राहिलं. ती काजळी, राख, रस्त्याची माती. पण जे उठलं ते पुष्कळ होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हंजे कुरडईसंगं आपण लोखंड खातो का?" वर्ग हसला. ती हसली नाही, मलाही हसू आलं नाही.

या लोखंडाबद्दल माझ्या मनात राग आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. माझ्या माहेरचं घर या लोखंडावर उभं राहिलं. माझा मामा या भट्ट्यांवर एकोणीस वर्षं राबला, त्याच्या पगारावर आम्ही तीन भावंडं शिकलो. म्हणून हे जरा निगुतीनं, मागचं पुढचं धरून सांगायचं आहे.

लोखंडाशी माझी पहिली ओळख मिलमुळे झाली नाही. सुगीच्या आधी गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची. बैलगाडीत संसार, गाडीखाली कोंबड्या, आणि उतरल्याबरोबर जमिनीत खड्डा खणून भट्टी. बाभळीचा कोळसा, कातड्याचा भाता. बाप्या सांडशीनं तापलेला तुकडा ऐरणीवर धरायचा आणि बाई घण घालायची. पदर खोचून, दोन्ही पाय रोवून, डोक्यावरून घण आणून नेमका त्या लाल तुकड्यावर. पाळण्यातलं लेकरू त्या आवाजात झोपायचं. गावातले लोक त्यांच्याकडे ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे घेऊन जायचे, मोडकी पहार, झिजलेला फाळ, आणि येताना विळा-खुरपी घेऊन यायचे. मजुरी ज्वारीत. विळा घडून झाला की तो लाल करून पाण्यात बुडवायचे. चर्र आवाज, वाफ. त्याला म्हणायचे पाणी पाजणं. पाणी नीट पाजलं तर धार टिकते, जास्त झालं तर विळा काचेसारखा तुटतो, कमी झालं तर दगडावर वाकतो. किती वेळ बुडवायचं ते त्या माणसाच्या मनगटात असायचं.

आमच्या भागाचं लोखंडाशी हे नातं फार जुनं. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातल्या निजामाबादकडच्या कोनसमुद्रम् गावात मुशीत पोलाद करायचे. त्याच्या वड्या इराणचे व्यापारी विकत घ्यायला यायचे, पुढे त्यातून तलवारी घडायच्या. तेही सारं लाकडी कोळशावर. धातू आणि जंगल यांचा हिशेब तेव्हाही एकमेकांत गुंतलेला होता.

पाणी पाजणं हा एक शब्द, आणि दुसरा शब्द मोड. तांब्याचा हंडा गळायला लागला, पितळेची घागर चेपली, की आई म्हणायची, मोडीत घालू. तांबटाच्या दुकानात जुनं भांडं तराजूत जायचं, त्याची मोड वजा होऊन नवं भांडं घरी यायचं. सोनाराकडे तेच. बांगडी मोडली तर ती वाया गेली असं कुणाच्या डोक्यात यायचं नाही; मोडली म्हणजे आता तिचं दुसरं काहीतरी होणार. जग आज पुनर्वापर, चक्रीय अर्थव्यवस्था असे मोठे शब्द वापरून जे सांगतंय, ते आमच्या आयांनी एका अक्षराच्या फरकात पकडलं होतं: मोडणं आणि मोड.

जालन्याच्या भट्ट्या म्हणजे हीच मोड, पण हजारो टनांत.

जालन्याजवळ लोखंडाची खाण नाही, कोळशाची नाही, बंदर नाही, बारमाही नदी नाही. कुंडलिका आणि सीना या दोन नद्या शहरात आहेत, पण त्या वर्षातला बराच काळ नुसत्या नावाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण कापसाच्या, पेठेच्या, निजामाच्या रेल्वेच्या काळातली. पुढे बियाण्यांच्या धंद्यानं शहराचं नाव झालं आणि त्यामागोमाग सळईनं. खाण नसताना लोखंड कसं होतं, हे मला मामानं सांगितलं. "आपली खाण ट्रकमधी येते," तो म्हणायचा. मोडलेले पत्रे, गाड्यांचे सांगाडे, जुन्या पुलांचे गर्डर, अलंगच्या किनाऱ्यावर फोडलेल्या जहाजांची पाती, कारखान्यांतला कातरण-चुरा. सगळं भंगार. ते इंडक्शन भट्टीत जातं. या भट्टीत जाळ नसतो. तांब्याच्या नळीची जाड गुंडाळी, तिच्यातून वीज, त्या विजेनं भंगार आपल्याआपणच आतून तापून वितळतं. सोळाशे अंशांच्या आसपासचा रस. त्याच्या ओतून दांड्या करायच्या, त्यांना बिलेट म्हणतात, आणि बिलेट दाबत दाबत लांबवली की सळई.

पूर्वी बिलेट अंगणात थंड व्हायची, मग कोळशाच्या भट्टीत पुन्हा लाल करून मिलमध्ये जायची. एकदा तापवलेलं लोखंड थंड होऊ द्यायचं आणि परत कोळसा जाळून तापवायचं. आता बऱ्याच ठिकाणी बिलेट ओतली की लालभडक असतानाच सरळ मिलमध्ये घालतात. मामाला या बदलाचा फार अभिमान. "तव्यावरची भाकर तव्यावरच शेकायची, उतरवून परत चढवायची न्हाई," हे त्याचं वर्णन. मधला कोळसा वाचला, धूरही तेवढा वाचला.

गेल्या वर्षी आम्ही जुन्या घरावर वरची खोली काढायची ठरवली. इंजिनिअरनं सळईचा अंदाज दिला सातशे किलो, बारा एमएम आणि आठ एमएम मिळून. मी गणितही शिकवते, त्यामुळे हात शिवशिवले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणात एक हिशेब दिलेला आहे: एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. म्हणजे आमच्या एका खोलीपुरतं पाऊण टनाहून जरा जास्त खनिज डोंगरातच राहिलं, आणि साडेचार क्विंटलच्या आतबाहेर कोळसा खाणीत राहिला. डोंगर म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. आपल्याच राज्यात गडचिरोलीला सुरजागडचा डोंगर आहे, लोहखनिजाचा. त्याच डोंगरावर माडिया लोकांचा ठाकुरदेव आहे, दरवर्षी यात्रा भरते. तिथं आता खाण चालते. माझ्या खोलीनं त्या डोंगराचा निदान एक ढेकूळ तरी जागेवर ठेवला असेल, असं मनात आलं तेव्हा मला बरं वाटलं, ते मी लपवणार नाही.

धुराचा हिशेबही असाच. खनिजापासून झोतभट्टीत पोलाद करायचं तर जगाच्या सरासरीनं टनामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यामागं रसायनशास्त्र आहे. खनिजात लोखंड ऑक्सिजनला घट्ट धरून असतं, ते सोडवायला कोळशातला कार्बन लागतो, आणि तो ऑक्सिजन घेऊन कार्बन वायू होऊन निघून जातो. म्हणजे तिथं कोळशाचं काम नुसतं आच देण्याचं नसतं. भंगारात ही सोडवणूक कधीच होऊन गेलेली असते. कुणीतरी, कुठंतरी, पन्नास वर्षांपूर्वी तो धूर काढून ठेवलेला असतो. आपल्याला फक्त वितळवायचं. म्हणून भंगाराचा टन फार हलका पडतो. जगाच्या ऊर्जेतून जो कार्बन वायू सुटतो त्यातला साधारण सात टक्के एकट्या लोखंड-पोलादाचा आहे. ॲल्युमिनिअमचं तर आणखी ठळक: जुनं भांडं वितळवायला खनिजापासून नवं करण्याच्या पाच टक्के ऊर्जा पुरते.

इथवर सगळं बरं आहे. मला अडचण वाटते ती यापुढे.

भट्टीत जाळ नसतो म्हणून जाळ कुठंच नसतो असं होत नाही. एक टन भंगार वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट वीज लागते. आमच्या खोलीपुरती चारशेवीस युनिट, आमच्या घरची चार महिन्यांची वीज. आणि आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन वायू. जालन्यात दिसत नाही तो जाळ दुसरीकडे पेटलेला असतो. परळीच्या वीज केंद्राची धुराडी आठवा. तिथं २०१५ च्या पावसाळ्यात संच बंद ठेवावे लागले होते, कारण केंद्राला पाणी पुरवणारं खडक्याचं धरण कोरडं पडलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं. मराठवाड्यात कुठलाही हिशेब शेवटी पाण्यापाशीच येऊन टेकतो.

त्यात भर स्पंज आयर्नची. भंगार कमी पडलं किंवा महाग झालं की छत्तीसगड, ओडिशाकडून येणारं स्पंज आयर्न भट्टीत वाढतं. ते खनिजापासूनच, आणि आपल्याकडे बहुतेक कोळशावर केलेलं. भंगाराच्या सळईत ते किती मिसळलं यावर ती सळई हलकी की जड हे ठरतं, पण बंडलावरच्या बिल्ल्यावर ग्रेड असतो, वजन असतं, हे प्रमाण नसतं. मी दुकानदाराला विचारलं. त्यानं माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, असं आजवर कुणी विचारलं न्हाई." चांगला माणूस होता. फोन करून विचारतो म्हणाला. त्याला उत्तर मिळालं नाही.

रात्रीचं काय, ते सांगायला हवं. भट्ट्या रात्री जास्त धगधगतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. वर्षानुवर्षं कारखान्यांना रात्रीची वीज स्वस्त पडायची, म्हणून हीटा, म्हणजे भट्टी भरून वितळवायचे घाणे, रात्री. भंगारात रंग असतो, तेल असतं, प्लॅस्टिक चिकटलेलं असतं, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात. जस्त नऊशे अंशांच्या जरा पुढंच उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, आणि पांढरा धूर होऊन वर येतं. हे सगळं ओढून घ्यायला भट्टीवर हूड असतो, मोठा पंखा असतो, पुढं कापडी पिशव्यांची गाळणी. ही यंत्रणा चालली तर काळं गावात येत नाही, पिशवीत जमा होतं. पण पंख्याला वीज लागते. मामा ज्या एका मिलमध्ये होता तिथं रात्री दहानंतर पंखा बंद व्हायचा. सकाळी साहेब यायच्या आधी सुरू. मामा झोपायला घरी यायचा आणि गच्चीवर हात फिरवून सांगायचा, आज पंखा चालू होता की बंद. सगळ्याच मिलांत असं होतं असं मी म्हणणार नाही. नेटानं पंखा चालवणारेही आहेत, त्यांच्या बाजूच्या वस्तीवर फरक कळतो. पण अंधारात कोण बघतं, हा प्रश्न सगळ्यांपुढं एकच असतो.

म्हणून मला एका कोरड्या सरकारी नियमाचं फार अप्रूप वाटतं. २०२३ मध्ये केंद्रानं वीज ग्राहकांच्या नियमांत बदल करून सांगितलं की सूर्यप्रकाशाच्या तासांत वीजदर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा. मोठ्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना एप्रिल २०२४ पासून. हेतू सौर वीज वापरली जावी हा. आपल्या भागात ऊन हेच एक पीक कधी बुडत नाही, तेव्हा ते योग्यच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भट्टी दिवसा चालली तर धूर दिवसा निघेल. तो शाळेच्या मैदानातून दिसेल, रस्त्यावरून दिसेल, तहसीलच्या खिडकीतून दिसेल. त्याचा फोटो निघेल.

पाण्याचं बोलायचं राहिलं. सळईवर टीएमटी लिहिलेलं असतं त्याचा अर्थ घिसाड्याच्या त्या चर्र आवाजात आहे. लाल सळई मिलमधून सुसाट निघते आणि पाण्याच्या पेटीतून जाते. वरचा थर क्षणात गार होऊन कडक होतो, गाभा आतून तापलेलाच असतो, आणि तीच आतली ऊब मग वरच्या थराचा ठिसूळपणा घालवते. बाहेरून चिवट कडक, आतून लवचीक. भूकंपात घर हललं तरी सळई वाकते, तुटत नाही. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनी बघितला त्यांना याचं मोल सांगायला नको. दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गेली होती. घिसाड्याच्या मनगटात होतं ते आता पाण्याचा दाब आणि वेग मोजून होतं. पाणी पाजणं तेच.

हे पाणी परत परत फिरवून वापरतात, वाफेनं जेवढं उडतं तेवढं वर भरायचं. तरी भरावं लागतंच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला होता. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, रात्री-बेरात्री. आई हंडे रांगेत लावून तिथंच पोत्यावर झोपायची, आणि तिच्या डोळ्यांसमोरून टँकर एमआयडीसीकडे जायचे. ती कुणाला बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तिकडं आपलाच भाऊ हाय, त्याची मिल बंद पडली तर?" २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, ते टीव्हीवर बघताना मला आईचं ते वाक्य आठवलं होतं. पाणी की पोट, यातलं एक निवडायची वेळ बाईवर यावी, हे मला मान्य नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यायचं आणि धरणाचं पाणी माणसांना ठेवायचं, एवढं साधं काम आहे. त्याला खर्च आहे, तंत्र अवघड नाही. जायकवाडीतून इतक्या लांबून नळानं आणलेलं पाणी एकदाच वापरून कुंडलिकेत घाण म्हणून सोडून द्यायची चैन आपल्याला परवडत नाही.

आता मामाचं.

इंडक्शन भट्टीला आतून अस्तर लागतं. रस थेट तांब्याच्या गुंडाळीला लागला तर संपलं. हे अस्तर पांढऱ्या पुडीचं असतं, गारगोटी दळून केलेली बारीक भुकटी, थोडं बोरिक ॲसिड मिसळलेलं. कामगार तिला रॅमिंग मास म्हणतात. पत्र्याचं नळकांडं मधे उभं करायचं, भोवतीच्या फटीत ही भुकटी ओतायची आणि लोखंडी गजांनी ठासायची. काही हीटा झाल्या की अस्तर झिजतं. मग ते फोडून काढायचं आणि पुन्हा नवं ठासायचं. मामा हे काम करायचा. ठासताना धूळ उडते, फोडताना त्याहून जास्त. खडी फोडतात तिथं पाणी मारून धूळ बसवता येते. इथं पाण्याचा थेंब चालत नाही. ओल राहिली आणि तिच्यावर रस आला तर वाफेचा स्फोट होतो. म्हणून सगळं काम कोरडं. तोंडाला उपरणं. मामाचं उपरणं घरी धुताना पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. आम्हाला वाटायचं, चला, मामाचं काम तरी काळ्याचं नाही.

उपरण्यात अडकते ती डोळ्याला दिसणारी धूळ. जी दिसत नाही ती आत जाते आणि फुप्फुसात बसून राहते. मामाला खोकला लागला. एका दवाखान्यात टीबीचं औषध सुरू केलं, सहा महिने. दोन वर्षांनी पुन्हा तेच. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, अन्न जायचं नाही, खोकला होता तसाच. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडापुढं धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "काका, काम काय करत होतात?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. मामानं भुकटी सांगितली. त्यांनी कागदावर लिहिलं: सिलिकोसिस. याला उतारा नाही. असलेलं जपायचं, थंडी टाळायची, जिने कमी चढायचे.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं हा आजार कळवलाच पाहिजे अशा आजारांच्या यादीत घातला होता. म्हणजे मामाचा आजार कुठंतरी नोंदवला जायला हवा होता. पण मामा ठेकेदाराचा माणूस. हजेरीच्या वहीत त्याचं नाव कधी होतं, कधी नुसतं 'लायनिंग - ४ माणसं' असं लिहिलेलं. त्या चार माणसांतला एक तो होता हे सांगायला बाकीचे तिघंही राहिले नाहीत. दोघं बिहारला परत गेले, एक वारला.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं हरित पोलादाची व्याख्या ठरवली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन वायू असेल तर ते पोलाद हरित, त्यातही १.६ च्या खाली गेलं तर पाच तारे. युरोपातही कार्बन बघून आयातीवर आकार लावायला सुरुवात झाली आहे. हे सगळं चांगलं आहे, हवंच आहे. भंगारावर चालणाऱ्या आमच्या भट्ट्या, स्पंज आयर्न बेतात ठेवलं तर, या मोजमापात वरच्या पायरीवर सहज बसतील. मला त्याचा आनंद होईल, खरोखर होईल. पण त्या ताऱ्यांत मोजला जातो तो वायू. गारगोटीची भुकटी मोजली जात नाही. रात्रीचा पंखा मोजला जात नाही. टनामागे किती कार्बन, हा आकडा आहे. टनामागे किती श्वास, याचा रकानाच नाही. आणि हा रकाना घालणं अवघड नाही. अस्तर यंत्रानं ढकलून काढता येतं, धूळ ओढून घेणारे नळ बसवता येतात, उपरण्याऐवजी बारीक धूळ अडवणारा खरा मास्क देता येतो, ठेकेदाराच्या माणसाचंही दरवर्षी फुप्फुस तपासता येतं. पंख्याचं वीजमीटर वेगळं ठेवलं तर तो किती तास चालला हे कुणालाही वाचता येईल. वरची खोली बांधणारी बाई सळईला किलोमागे पन्नास पैसे जास्त देईल की नाही, हे तिला एकदा विचारून तरी बघावं. मी दिले असते.

भंगार सगळ्यांना पुरणार नाही हेही मला कळतं. इमारतीत गेलेलं लोखंड पन्नास वर्षं बाहेर येत नाही आणि आपला देश आत्ता कुठं बांधायला लागला आहे. तेव्हा खनिजापासून पोलाद होतच राहणार. स्वीडनमध्ये कोळशाऐवजी हायड्रोजननं खनिजातला ऑक्सिजन काढून २०२१ साली पहिलं पोलाद गिऱ्हाइकाला दिलं. तिथं धुराच्या जागी पाण्याची वाफ निघते. आपल्याकडे ते यायला वेळ लागेल. भंगाराची वाट मात्र आपल्या पायाखालची आहे, घिसाड्यांच्या पालापासून चालत आलेली. ती स्वच्छ ठेवणं आपल्या हातात आहे.

स्लॅबच्या आदल्या दिवशी मामा आला. सेंट्रिंगवर बांधलेल्या सळयांच्या जाळीकडे खालूनच बघत बसला. मग राहवलं नाही म्हणून वर चढला. एका सळईवरून अंगठा फिरवला, तिच्या नक्षीवरून, आणि कुठल्या मिलची आहे ते बिल्ला न बघता सांगितलं. "आपल्याकडचीच हाय," म्हणाला. लेकराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा त्याचा हात फिरत होता. कापून उरलेले तुकडे त्यानं स्वतः वेचून गोणीत भरले. भंगारवाला आला की द्यायचे, फेकायचे नाहीत, असं मला दोनदा बजावलं.

स्लॅब टाकून झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर मामा माझ्या आधी पोचला होता; जिन्यात दोनदा टेकला असं आई सांगत होती. स्लॅबवर मातीचे बांध घालून आळी केली होती, त्यांत रात्री पाणी भरून ठेवलेलं. पाण्यावर काळ्याची पातळ साय धरली होती. मामा उकिडवा बसला, तळहातानं ती साय एका बाजूला सारली, हात लुंगीला पुसला.

"राती पंखा बंद होता," तो म्हणाला, आणि पाइप ओढून पुढच्या आळ्यात पाणी सोडू लागला.